सोलापुरातला हस्की

लहानपणी चाळीत कुत्र्याचं पिल्लू मागितलं की आई म्हणायची, "आधी तुम्हाला सांभाळू दे!" मग संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेतल्या जनावर बाजारात खिलार बैलांच्या पाठीवर हात फिरवून आम्ही हौस भागवायचो. आता फ्लॅट आला, हप्ते आले आणि सैबेरियाचा हस्कीही आला. मे महिन्यात पारा ४० च्या वर, नळाला काही दिवसांआड पाणी. तरी साहेबांना एसी आणि शाम्पूची आंघोळ. आजोबा मात्र पंख्याखाली घाम पुसतात. तीच आई आता "खा रे राजा" म्हणत त्याच्यापुढे कडक भाकरी कुस्करते. तो ढुंकूनही बघत नाही. पाळायचंच असेल, तर गल्लीतलं पिल्लू आणा. त्याला ऊनही पचतं आणि भाकरीही.