पाच वायरचं दार

तात्यांचं आणि आमच्या गाडीचं पहिलं भांडण कात्रज ओलांडताच एका गतिरोधकावर झालं.

तात्या म्हणजे माझे वडील. चालत्या गाडीचं दार कधीही उघडू शकतं आणि उघडलं तर ते आपलंच, अशी त्यांची खात्री. म्हणून बूड टेकायच्या आधी ते आपल्या दाराचा खटका दाबतात. त्या दिवशीही दाबला. गतिरोधकावर गाडी उडाली आणि खटका टुणकन वर! त्यांनी पुन्हा दाबला. पुढच्या खड्ड्यात पुन्हा वर.

"तू उघडतोयस?"

"माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत, तात्या."

"मग काय भूत आहे?"

साताऱ्यापर्यंत हे चाललं. उतरताना ते अंगठा चोळत होते आणि माझ्याशी बोलत नव्हते.

आमची गाडी जुनी. सेंट्रल लॉकिंग मूळचं नाही, मागाहून बसवून घेतलेलं. त्याचा कारभार पाहणारी एक काळी डबी असते, साबणाच्या वडीएवढी. ती बिघडली असणार असं मी ठरवून टाकलं. आता मूळची असती तर पुस्तकात जागा तरी सापडली असती. ही बसवणाऱ्याच्या मनात त्या दिवशी आलं तिथे! एक मित्र म्हणाला, सीटखाली. दुसरा म्हणाला, ग्लोव्हबॉक्सच्या मागे. सीटखाली एक कंगवा, टोलच्या पावत्या आणि बायकोने माझ्यावर हरवल्याचा आळ घेतलेलं कानातलं मिळालं. (ते मी योग्य वेळेसाठी राखून ठेवलं आहे.) ग्लोव्हबॉक्स निघाला, पण परत बसेना. मग मी डोकं स्टिअरिंगखाली आणि पाय पार्किंगमध्ये अशा अवस्थेत पडून राहिलो. वॉचमनने येऊन माझ्या चपलेला हळूच हात लावून पाहिला, तेव्हा उठलो.

शेवटी वायरमन आला. त्याने काहीच उघडलं नाही. माझ्या दाराचा खटका खाली-वर केला आणि म्हणाला, "ऐका." दारांच्या खटाक् आवाजाच्या ऐन आधी डॅशबोर्डखाली कुठेतरी बारीक 'टक्' झालं. डबीतल्या रिलेचा आवाज. त्या टक्‌च्या मागावर हात घालून त्याने तारांच्या जंजाळात पट्टीने बांधलेली डबी बाहेर ओढली. मी दोन तास जिच्याखाली नाक धरून पडलो होतो, ती हीच.

"डबी चांगली आहे," तो म्हणाला. मला वाईट वाटलं.

मग त्याने सांगितलं ते असं. चारही दारांत मोटरी असतात. तीन दारांच्या मोटरीला फक्त दोन वायरी. डबी त्यांतून अर्धा-पाऊण सेकंद १२ व्होल्ट सोडते, की खटका खाली. वायरींची प्लस-मायनस उलटवून सोडले, की वर. ड्रायव्हरच्या दाराच्या मोटरीला मात्र पाच. दोन हुकूम पाळायच्या, तीन हुकूम द्यायच्या. माझा खटका हलला की त्या तिघी डबीला कळवतात आणि डबी बाकीच्या घराला कामाला लावते. तात्यांच्या दाराला डबीला काही कळवायची सोयच नाही. त्यांनी हजारदा दाबलं तरी डबीच्या लेखी काही घडलेलंच नाही.

दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची नळी असते, तिच्यातून या वायरी जातात. दार उघडलं की वाकतात, लावलं की सरळ होतात. सगळ्यात जास्त उघडतं ड्रायव्हरचं दार, म्हणून तुटतेही त्याचीच वायर. हुकूम देणाऱ्या त्या तिघींतली आमची अर्थिंगची वायर आतून तुटून नुसती टेकलेली होती. खड्ड्यात सुटायची, पुन्हा टेकायची आणि डबीला वाटायचं, ड्रायव्हरचा नवा हुकूम आला: उघडा! कारण माझं दार मी लॉक करतच नाही. केलं असतं, तर त्याच खड्ड्यांनी तात्यांचं दार पुन्हा पुन्हा घट्ट बंद केलं असतं आणि ते घोरत साताऱ्याला पोचले असते.

जर्मनीत १९७६ साली आलेल्या मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ गाड्यांत सेंट्रल लॉकिंगचं हेच काम इंजिनाने हवा ओढून निर्माण केलेल्या निर्वातावर चालायचं. तिथे नळीला चीर गेली की कुलपं आळसावायची. म्हणजे श्रीमंतांचंही अडायचं नळीपाशीच. हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी "तीन वायरी जास्त?" एवढंच विचारलं.

वायर जोडून झाली. परवा पुन्हा साताऱ्याला निघालो. तात्यांनी खटका दाबला, अंगठा तिथेच ठेवला. गतिरोधक आला. गेला. दुसरा गेला. खटका जागचा हलला नाही.

खेड-शिवापूरला त्यांनी अंगठा काढला आणि म्हणाले, "बंद पडलं वाटतं रे हे."