मांडी कच्ची शे!

नाना तुमच्या कॉलनीतही आहेत. नाव वेगळं असेल. सकाळी मेहरूण तलावाच्या कडेनं तुम्ही जरा लंगडत निघालात की मागून "थांब भो!" अशी हाक येते, तेच ते. त्या हाकेला थांबणारा माणूस जळगावात नवा असतो.

"गुडघा दुखस?" तुम्ही हो म्हणायच्या आत निदान तयार. "गुडघा नही भो, मांडी कच्ची शे."

दुकान बसलं, मांडी कच्ची. पोराचं लग्न रखडलं, मांडी कच्ची. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली, हे ऐकून लोक हात जोडतात. नानांना तिथं दोन मांड्या दिसतात. "एक बोलतोय, दुसरा लिहितोय, दोघंही मांडी घालून! आणि 1951 पासून तोच बोलणारा माणूस भूदानासाठी देशभर पायी फिरला. कशाच्या जिवावर?" उत्तर आपण द्यायचं असतं. नाही दिलं तर प्रश्न पुन्हा येतो.

एका लग्नसराईत जळगाव-धुळे एसटीत त्यांच्या शेजारची जागा माझ्या नशिबी आली. एरंडोलला त्यांनी मला टाच रोवून मांडी आवळायला लावली. पाच मोजायचे, सोडायची. पारोळा येईतो मागची अख्खी सीट आवळत-सोडत होती आणि कंडक्टर तिकिटाचं मशीन काखेत मारून टाचा उचलत होता. लग्नात वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांवर ताव मारून झाला, तरी पंगत उठेना. नाना समोर उभे! "हात टेकायचा नही!" नवरीचे मामा दोनदा अर्धे उठले आणि दोनदा पत्रावळीवर परतले.

चीड याची येते, की म्हातारा खरं बोलतो. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात; सांधा हलला तरच आतल्या वंगणातून तिचं पोषण होतं. आपण दुखतं म्हणून बसतो, बसल्यानं मांडीचा स्नायू वाळतो, त्याचा भार गुडघ्यावर येतो, मग आणखी दुखतं, मग आणखी बसतो. त्यावर नानांचा इलाज म्हणजे उताणं पडून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय सरळ फूटभर उचलायचा, पाच मोजून हळू उतरवायचा. मग खुर्चीवरून हात न लावता उठबस. गुडघा सुजला, गरम लागला, तर मात्र ते स्वतःच म्हणतात, "डॉक्टरकडे पळ!" आणि पळायला सांगितलं म्हणून स्वतःच हसतात.

चुकलं एकच. ते पैसे घेत नाहीत. फी लावली असती तर दाराशी रांग लागली असती. आमच्या गल्लीत गुडघ्याची तेलं येतात, पट्टे येतात, चुंबकाच्या चपलाही आल्या. पण जी मांडी जन्मापासून फुकट मिळालेली, ती कमावण्यात कुणाला प्रतिष्ठा वाटावी?

तरी कोपऱ्यावरच्या आक्कांकडे नाना रोज जायचे. वैशाखात ऊन तापायच्या आत, टॉवेलची गुंडाळी काखेत घेऊन. ती आक्कांच्या गुडघ्याखाली सारायची, आक्कांनी गुडघा खाली दाबायचा, नानांनी आकडे मोजायचे. आक्का मोजताना सुनेच्या तक्रारींवर घसरत, म्हणून मोजणं नानांकडे. तक्रारीही त्यांनाच ऐकाव्या लागत. पावसाळा सरताना एकदा आक्का ओट्यावरून उठल्या. हात न टेकता. बाया गोळा झाल्या. आक्कांनी सगळं श्रेय तेलाला दिलं. बाटलीचा रंग, किंमत, दुकान, कुठल्या भाचीनं आणून दिलं, सगळं सांगितलं.

मी नानांकडे पाहिलं. आता मांडीचा उद्धार होणार!

नानांनी बाटली हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

"तेल चांगलंच शे," ते बायांना म्हणाले. "पण खुर्चीवरून दहा उठबशा काढून मंग लावायचं. नुसतं लावलं तं चढत नही."