उडायचंय? आधी डोंगर चढा!

पन्नाशी उलटलेल्या माणसाने काय करावं याबाबत आपल्याकडे दुर्मीळ एकमत आहे. सकाळी बागेत फेऱ्या, दुधीचा रस आणि रात्री लवकर जेवण. त्यामुळे मी कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायचं जाहीर केलं तेव्हा घरात वीज गेल्यासारखी शांतता पसरली. "अहो, माळ्यावर चढताना मी शिडी धरते तुमची," बायको म्हणाली. विमा एजंट असलेला मेव्हणा मात्र त्या दिवशी माझ्याशी प्रथमच जिव्हाळ्याने बोलला.

मी जेआरडी टाटांचा दाखला दिला. १९३२च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवणाऱ्या या गृहस्थांनी १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तोच प्रवास पुन्हा केला.

"त्यांच्याकडे विमान होतं," बायको म्हणाली. "तुमच्याकडे कापड आहे."

हे खरंच होतं. ग्लायडरला ना सांगाडा, ना इंजिन. पुढच्या तोंडातून हवा भरली की त्याचा पंख होतो, नाहीतर ते वाळत घातलेल्या चादरीच्याच जातीचं. पण त्या कापडावर एक पट्टी शिवलेली असते आणि माझं भलं तिनेच केलं. ग्लायडर किती वजनासाठी आहे ते तिच्यावर छापलेलं असतं, आणि त्या वजनात माणूस, हार्नेस, हेल्मेट, खुद्द ग्लायडर, सगळं आलं. माझ्या मनात भरलेलं ग्लायडर ८५ ते १०५ किलोंचं होतं. सामानाचे पंधरा-वीस किलो वजा केल्यावर माझ्या वाट्याला जे उरत होतं, ते वजन मी कॉलेजातच मागे टाकून आलो होतो. डॉक्टर वर्षानुवर्षं 'वजन उतरवा' म्हणत होते, मी मान डोलवत होतो. या पट्टीसमोर मान डोलवून भागेना. मोठा साइज घ्यावा तर मन मानेना. भाताचं दुसरं वाढप सुटलं, ते असं.

उरलेलं काम टेकडीने केलं. शांत हवेत ग्लायडर सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतं. म्हणजे शंभर मीटरच्या टेकडीवरून जेमतेम दीड मिनिटाचं उड्डाण, आणि ते मिळवायला पाठीवर बोचकं घेऊन, धापा टाकत केलेली चढण. वर पोचावं तर वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक भलतीकडेच तोंड करून फडफडत असतो. विंडसॉककडे वशिला चालत नाही. मग कातळावर बसायचं, वाट बघायची आणि वारा नाहीच फिरला तर आलो तसं उतरायचं. रेल्वेच्या खिडकीवर दोन मिनिटं उशीर झाला की आवाज चढवणारा मी तिथे तासन्‌तास गप्प बसतो. समोर घारी पंख न हलवता गोल गोल वर चढत असतात. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा कुठे आहे ते त्यांना न शिकवता कळतं. आम्हाला त्यासाठी फी भरावी लागते.

पण खरं शिक्षण हातांचं. घाबरला की माणूस हातात असेल ते खाली खेचतो. इथे हातात ब्रेक असतात. ते जास्त खेचले तर ग्लायडरचा वेग मरतो, आणि फारच खेचले तर ते उडायचंच सोडून देतं. म्हणून माझ्या मुलापेक्षा लहान असलेला आमचा शिक्षक वॉकीटॉकीवरून ओरडत असतो, "काका, हात वर! सोडा त्याला, त्याला उडता येतं!"

हे वाक्य मी एकदा घरी बोलून गेलो. तेव्हापासून मुलाच्या करिअरवर मी तोंड उघडलं की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, हात वर!"

परवा डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "काय करता हल्ली?" मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, उठून दार लोटलं, स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "एकशे वीस किलोपर्यंतचं मिळतं का हो त्यात?"