लॅग स्विच: साहित्य, कृती आणि प्रायश्चित्त

सर्वप्रथम आपण वाईट खेळतो हे मान्य करावं. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि ‘आपलं नेट स्लो आहे’ या पायरीवर थेट उडी मारतात. लॅग स्विच बनवणाऱ्याला ती चैन परवडत नाही. त्याचं नेट उत्तमच हवं. धड असेल तरच ते मुद्दाम बिघडवता येतं.

यामागचं शास्त्र गल्ली क्रिकेट खेळलेल्या कोणालाही कळेल. २००४ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्सवर ‘हेलो २’ आला. घरबसल्या अनोळखी माणसांना गोळ्या घालायची सोय झाली, पण प्रत्यक्ष सामना भरायचा तो खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या कन्सोलवर. त्याला होस्ट म्हणत. गोळी कोणाला लागली, कोण मेलं, हे सगळं होस्ट ठरवणार. म्हणजे ज्याची बॅट, तोच अंपायर. आता या बॅटवाल्या पोरानं कोणाला न सांगता ‘स्टॅच्यू’ म्हणावं, बाकीचे जागच्या जागी थिजावेत, आणि तेवढ्यात यानं पळून काढलेल्या धावा मात्र धरल्या जाव्यात. लॅग स्विच म्हणजे एवढंच. आपल्याकडे याला रडीचा डाव म्हणतात, पण त्या नावानं वस्तू खपत नाही.

पहिल्या पिढीतल्या साधकांना काही बनवावंही लागलं नाही. तेव्हाच्या काही केबल मोडेमवर स्टँडबाय नावाचं बटण असे. ते दाबलं की घराचं नेट थांबे, पुन्हा दाबलं की सुरू. २००८ साली न्यू जर्सीतल्या एडिसनला आम्ही चार ऑनसाइट इंजिनिअर दोन बेडरूममध्ये राहत होतो, तेव्हा आमच्यातल्या एकानं (त्याला आपण कारागीर म्हणू) याच मार्गानं श्रीगणेशा केला. अडचण अशी की नेट सगळ्यांचं एकच. मी नेटवरून साताऱ्याला आईशी बोलत असायचो. कारागिरानं ‘हेलो ३’ मध्ये एक मुडदा पाडला की माझी आई अर्ध्या वाक्यात गडप व्हायची. ती परत आली की म्हणायची, “तुझा आवाज मधेच खोल जातो रे. जेवतोस ना नीट?” आठवडाभर हे चाललं. शेवटी मोडेम माझ्या खोलीत हलवला आणि कारागिराला हस्तकलेकडे वळावं लागलं.

साहित्य: इथरनेटची एक केबल, दारावरच्या बेलचं बटण, कात्री, चिकटपट्टी, लाज चवीपुरती.

केबलचं साल सोललं की आत आठ तारा निघतात. दोन-दोनच्या चार वेण्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभर मेगाबिटच्या जोडणीत कामाच्या दोनच. नेहमीच्या मांडणीत केशरी कन्सोलचं म्हणणं बाहेर नेते, हिरवी बाहेरचं आत आणते, उरलेल्या दोघी नुसत्या सोबतीला. तारांना पीळ असतो तो शोभेसाठी नव्हे. एका जोडीची कुजबुज दुसरीला ऐकू जाऊ नये म्हणून तो असतो. कारागिरानं हा पीळ चांगला वीतभर उलगडून ठेवला. परिणामी बटणाला हात न लावताच खेळ गचके खाऊ लागला, आणि ‘मला लॅग होतंय’ ही त्याची तक्रार आयुष्यात पहिल्यांदा खरी ठरली.

बटणाचं दुखणं निराळं. बेलचं बटण दाबलं की जोडतं, सोडलं की तोडतं. आपल्याला नेमकं उलटं हवं. हे उमगायला त्याला दोन रात्री लागल्या. तोवर, खेळायचं तर बटण दाबून धरायचं, फसवायचं तेव्हा सोडायचं. हात दोन्ही कंट्रोलरवर अडकलेले, म्हणून हे काम डाव्या पायाच्या अंगठ्याकडे आलं. बटण सेंटर टेबलाखाली गालिच्याला चिकटवलेलं, थंडीमुळे पायात लोकरी मोजे, अंगठ्याला बटण सापडेना. मग मोज्याला भोक पाडलं. दुसऱ्या रात्री पोटरीत असा गोळा आला की सामना सोडून तो घरभर लंगडत फिरला. मी कपाटातून बाम काढून दिला. त्या आठवड्यात त्याची लेव्हल तेवीसवरून बावीसवर आली.

वेळेचं गणित सांगायला हवं. तार तुटली म्हणून पलीकडचे कन्सोल हातावर हात ठेवून बसत नाहीत, ते अंदाज बांधतात. गडी धावत होता, म्हणजे अजून धावतच असेल. म्हणून तो भिंतीला नाक लावून धावताना दिसतो. अंगठा काही सेकंदांहून जास्त रेंगाळला की मात्र होस्ट मेला असं समजून बाकीचे खेळ थांबवतात आणि आपसात नवा होस्ट निवडतात. बॅट दुसऱ्याच्या हातात.

आता नीतीचं. कारागिराचा युक्तिवाद बिनतोड होता. “मी गेमला हात लावला का? कोणाचं काही हॅक केलं का? माझी वायर, माझा अंगठा.” पलीकडच्या कन्सोलला मुद्दाम तोडलेली तार आणि खरोखर गंडलेलं नेट यांतला फरक कळत नाही, हे खरंच आहे. पण म्हणूनच, निरोप आला नाही तर लगेच हाकलू नकोस, बिचाऱ्याची लाइन गेली असेल, जरा थांब, अशी मुभा खेळ लिहिणाऱ्यांनी ठेवली होती. ती कोणासाठी ठेवली होती ते मला पुढे कोकणातल्या घरी, आषाढात कळलं. खांबावरची लाइन वाऱ्यानं हलत होती, मी भिंतीला नाक लावून धावत होतो, आणि हेडफोनमधून एक बारा-तेरा वर्षांचं पोरगं मला ‘लॅग स्विचर’ म्हणून शिव्या देत होतं. मी इंग्रजीत खुलासा केला. खुलासाही तुटक-तुटकच पोचला असणार.

आता या विद्येला उतरती कळा लागली आहे. २०१४ सालचा ‘टायटनफॉल’ मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांवर चाले. अंपायर बाहेरचा आला, त्याच्याकडे स्वतःची बॅट. नव्या कन्सोलांच्या गिगाबिट जोडणीत आठही तारा राबतात, नुसती सोबतीला कोणीच नाही. पकडलं गेलं तर खातं जातं, ते वेगळंच.

मूळ एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा मायक्रोसॉफ्टनं १५ एप्रिल २०१० ला बंद केली, आणि तिच्याबरोबर ‘हेलो २’ चे सामनेही. पण त्या दिवशी ज्यांनी कन्सोल बंदच केला नाही, ते आतच राहिले. काही दिवसांनी त्यांच्यातले चौदा उरले. मग तेही एकेक करत गळाले. शेवटचा बाहेर पडला तेव्हा मे महिना उजाडला होता. ही बातमी मी कारागिराला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग म्हणाला, “चौदाच? म्हणजे होस्ट मिळणं सोपं.”