खडूचा मंगळ

१९६५च्या जुलैत मरिनर-४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्या ग्रहाची जवळून टिपलेली पहिली चित्रं त्याने पृथ्वीकडे धाडली. धाडले ते खरं तर आकडे. एका चित्रात ४०,००० ठिपके, दर ठिपक्याला ० ते ६३ यांपैकी एक आकडा, आणि त्यांची चाल इतकी संथ की एक चित्र पुरं यायला आठ तासांहून अधिक वेळ लागे. कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत बसलेल्या इंजिनिअरांना एवढा धीर कुठला? यानावरचा टेप रेकॉर्डर चालतोय की नाही ते पाहायचं होतं, हे झालं कागदोपत्री कारण. रिचर्ड ग्रम हा त्यांच्यातला एक जण उठला आणि चित्रसाहित्याच्या दुकानात खडू मागायला गेला. आम्ही खडू विकत नाही, पेस्टल विकतो, असं दुकानातल्या माणसाने ताठ्यात ऐकवलं म्हणतात. मग आकड्यांच्या छापील पट्ट्या शेजारीशेजारी फळ्यावर टाचून ही थोर मंडळी आकडा बघून रंग भरत बसली. ग्रमने आधी हिरवा, जांभळाही घासून पाहिला होता. शेवटी पिवळा-तपकिरी ठरला, तो उजेड-अंधाराची उतरंड त्यात नीट उमटते म्हणून. मंगळ तांबडा असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं! हिरवा मंगळ असा थोडक्यात हुकला.

आमच्या घरी आजी-आजोबांचा एक फोटो होता, मुळात काळा-पांढरा, पण स्टुडिओवाल्याने ब्रशने रंगवलेला. लुगडं जांभळं होतं असं आजी शपथेवर सांगे. फोटोत ते पोपटी. आजोबांच्या गालांवर तर जन्मात कधी न फिरकलेली लाली. तरी तो फोटो खोटा आहे असं कुणी म्हणालं नाही. लुगड्याचे काठ कुठे संपतात आणि आजीचा हात कुठे सुरू होतो, हे त्या पोपटी रंगामुळेच तर कळायचं.

हबल दुर्बिणीने १९९५मध्ये टिपलेले गरुड तेजोमेघातले ते प्रसिद्ध धूलिस्तंभ याच घराण्यातले. गंधकाचा प्रकाश वेगळा, हायड्रोजनचा वेगळा, ऑक्सिजनचा वेगळा असा गाळून घेतला आणि त्यांना अनुक्रमे लाल, हिरवा, निळा वाटून दिला. आता गंधक आणि हायड्रोजन दोघेही मुळात तांबडेच. खरे रंग दिले असते तर जुळ्या भावंडांसारखे ओळखू आले नसते. म्हणून एकाला हिरवा सदरा. नेपच्यूनचं मात्र मला वाईट वाटतं. १९८९मध्ये व्हॉयेजर-२ यानाने पाठवलेल्या त्याच्या चित्रांत ढगांचे पट्टे दिसावेत म्हणून निळा गडद केला, खुलासाही तेव्हाच दिला. पण खुलासे कोण लक्षात ठेवतो? निळाई तेवढी पाठ्यपुस्तकांत मुरली. २०२४मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडून दाखवला, की तो जवळपास युरेनससारखाच फिकट, हिरवट निळा आहे. पस्तीस वर्षं मिरवलेला शालू असा उतरवून ठेवायचा म्हणजे ग्रहाच्याही जिवावर येत असेल.

आणि आपला सह्याद्री? १९९५च्या अखेरीस गेलेल्या आयआरएस-१सी उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याला निळा प्रकाश टिपायची सोयच नव्हती. उलट, आपल्या डोळ्यांना न दिसणारं अवरक्त त्याला दिसे, आणि तजेलदार पानं ते भरभरून परत फेकतात. मग प्रथेप्रमाणे अवरक्ताला लाल, लालाला हिरवा, हिरव्याला निळा अशी खांदेपालट करायची. पाऊस ओसरून ढग हटले, की त्या चित्रांत कोयनेचं रान लालभडक, खोल पाणी काळंशार आणि उघडी माती निळसर करडी. ही चित्रं वाचणाऱ्यांची नजर लवकरच अशी वळते, की लाली फिकट पडली की त्यांच्या कपाळावर आठी. रान कसं आहे, असं विचारावं तर अगदी समाधानाने सांगतील, ‘उत्तम. सगळं लाल आहे.’