कुंपणाची बाहेरची बाजू

सोसायटीचं कोयनेलचं कुंपण आतून पाहावं. कडा सरळ, माथा सपाट, पान इकडचं तिकडे नाही. मग फाटकाबाहेर येऊन तेच कुंपण फुटपाथवरून पाहावं. तिकडे त्याची दाढी वाढलेली असते. माळ्याचा पगार आतून निघतो, त्यामुळे कात्रीही आतूनच चालते. बाहेरच्या फांद्या सार्वजनिक.

बोगनवेलीची तर गोष्टच वेगळी. तिची कमान किती उंचीवर कापायची हे नियमावर नव्हे, माळ्याच्या हातावर ठरतं. माळी ठेंगणा असला, की त्या फुटपाथवरून उंच माणसं फार विनयाने जातात. काटे पदर धरतात, छत्री धरतात. सोडायची घाई त्यांना नसते.

आणि कापून प्रश्न मिटतो असंही नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा उडाला, की थोरल्या काकांच्या माघारी धाकट्यांना कंठ फुटावा तसे ते सगळे डोळे फुटतात. कुंपण आणखी दाट होतं. नुसता माथा भादरणारे माळी पुढच्या छाटणीची सोय करून जातात.

दुभाजकावरच्या कण्हेरीचं मात्र मला कौतुक आहे. ती ऊन सोसते, समोरच्या गाड्यांचे दिवे अडवते, आणि विषारी असल्यामुळे जनावरं तिला तोंड लावत नाहीत. सार्वजनिक जीवनात टिकायला आणखी काय लागतं?

कुंपणाची खरी हौस इंग्रजांनी केली. मिठावरचा कर बुडू नये म्हणून त्यांनी बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग लावून शेकडो मैलांची जिवंत भिंत उभी केली. 1867 ते 1870 तिचा कारभार ॲलन ह्यूम यांच्याकडे होता. 1879 मध्ये ती जकातरेषाच मोडीत निघाली. पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत हेच ह्यूम पुढे होते. कुंपण सांभाळलेल्या माणसाला माणसं एकत्र आणावीशी वाटली, यात नवल नाही.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी होते. छाटलेलं सगळं फुटपाथवरच रचतात, कारण उचलणारं खातं वेगळं. लोक रस्त्यावरून चालू लागतात. मग कुठूनशा शेळ्या येतात, सुबाभळीचा पाला निवडून खातात आणि कण्हेर त्या खात्यासाठी ठेवून जातात.