मागच्या पडद्याचे डॉक्टर

मधुमेहाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘रेटिना तपासून घेणे’ असं लिहून दिलं आणि आमच्या नात्यागोत्यात नेत्रतज्ज्ञ किती आहेत ते मला कळलं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. फक्त ते सगळं मोतीबिंदूविषयी होतं. नणंदबाई म्हणाल्या, “वहिनी, आमच्या सासूबाईंचं ज्यांनी केलं ना, त्यांच्याकडेच जा. काय हलका हात! सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी बाई मालिका बघायला हजर.” मी म्हटलं, मोतीबिंदू पुढच्या भिंगात होतो, मला मागचा पडदा दाखवायचाय. “अहो, डोळा तो केवढासा! त्यात मागं-पुढं ते कितीसं असणार?” (साधारण २४ मिलिमीटर. मी मागाहून वाचलं. बाईंना उत्तर द्यायला तो आकडा फारसा उपयोगी नाही.)

कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांनी तर मला खोटीच ठरवलं. तक्त्याची शेवटची ओळ मी घडाघडा वाचल्यावर ते म्हणाले, “सहा बाय सहा! ताई, तुमचं काहीही बिघडलेलं नाही.” खरी गोम इथंच आहे. साखरेनं पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागल्या तरी डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि बरेच दिवस तक्ताही नीट वाचता येतो. म्हणून तर टाइप २ मधुमेह कळला की लगेच पडदा तपासायचा आणि पुढं दरवर्षी तपासत राहायचा, असं सांगतात. पण जे दुखतच नाही त्यासाठी अर्धा दिवस मोडायचा, हे आमच्या घराण्यात बसत नाही. आमच्याकडे दवाखान्यात जाण्याआधी निदान कण्हावं तरी लागतं.

मग मी पाट्या वाचत हिंडले. एका पाटीवर तिरळेपणा, काचबिंदू, लेसर, लेन्स आणि रेटिना एवढं सगळं एकाच नावाखाली होतं. खाली जागा उरली म्हणून असेल, चष्म्याच्या फ्रेमवर सवलतही होती. ते डॉक्टर चांगले असतीलही. पण मला हवं होतं ते एम. एस. किंवा डी. एन. बी. झाल्यावर फक्त पडदा आणि त्याच्यापुढचा जेलीसारखा द्रव यांच्यासाठी आणखी दीड-दोन वर्षं घासलेलं माणूस. अशांच्या पाटीवर मदुराईचं अरविंद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद अशी नावं दिसू लागतात. रामेश्वराची यात्रा करून आलेल्या माणसासारखं वाटतं. अशी पाटी सापडली. फोन करून दोनच प्रश्न विचारले. लेसर आणि इंजेक्शन तिथंच देतात का? आणि अचानक डोळ्यापुढं विजा चमकल्या, ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूनं काळी सावली उतरू लागली, तर त्याच दिवशी बघतात का? पलीकडची मुलगी म्हणाली, “हो काकू, त्याला नंबर लावावा लागत नाही. तुम्हाला होतंय का तसं?” होत नाही म्हटल्यावर तिनं पुढच्या गुरुवारचा नंबर दिला.

तिथं बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालतात. अर्ध्या तासात जवळचं सगळं धूसर होतं आणि ते तसंच काही तास राहतं. नेमक्या त्याच वेळी फॉर्म हातात देतात. बाकावरची आम्ही सगळी मंडळी कागद हातभर लांब धरून एकमेकांना विचारत होतो, “इथं काय लिहिलंय हो?” शेजारच्या आजोबांनी माझ्या फॉर्मवर सही केली, मी त्यांच्या.

आत डॉक्टरीणबाईंनी कपाळावर दिवा चढवला, हातात भिंग धरलं आणि “वर बघा, उजवीकडे, खाली, आता माझ्या कानाकडे” अशी कवायत घेतली. १८५१मध्ये हेल्महोल्ट्झनं डोळ्याच्या आत डोकावायचं यंत्र केलं, त्याआधी जिवंत माणसाचा पडदा डॉक्टरांना असा बघताच येत नव्हता, बाहुली म्हणजे नुसता काळोख. आता ओ. सी. टी. नावाचं यंत्र सुई न टोचता त्याच पडद्याचे थर उभे कापून दाखवतं. माझ्या डाव्या डोळ्यात थोडी सूज निघाली. इंजेक्शनची वेळ अजून आलेली नाही, साखर आवरा, रक्तदाब सांभाळा आणि लवकर परत या, असं ठरलं. गाजराविषयी मी नणंदबाईंच्या वतीनं विचारलं. “खा की,” बाई म्हणाल्या, “पण सूज त्यानं जायची नाही. आणि हलवा नको.”

निघताना त्यांनी बारीक चौकोनांचा एक कागद दिला. घरी रोज चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेषा वाकड्या दिसल्या किंवा कुठं गायब झाल्या तर लगेच यायचं. मी तो फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी डोळा झाकून उभी राहिले, तर वरच्या दोन ओळींत रेषा कुठंच दिसेनात. काळजात धस्स झालं. दुसरा डोळा झाकला, तरीही तेच. मग जवळ जाऊन बघितलं. नणंदबाईंनी तिथं ठसठशीत अक्षरात दुधाचा हिशोब मांडला होता, आणि त्यातही अर्धा लिटर चुकला होता.